ताईची चौकशी

"अंगावर धातूचं काही असेल तर काढून ठेवा," मी म्हणाले. हे वाक्य मी तेहतीस वर्षं म्हणत आले आहे, दिवसाला तीस-चाळीस वेळा, आणि ते म्हणताना माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय कधीच गेलेली आहे. एक्स-रेच्या खोलीत माणूस येतो तो छाती म्हणून येतो, नाहीतर गुडघा म्हणून, नाहीतर कंबर म्हणून. ही छाती होती. चाळिशीची, धिप्पाड, दाट लांब वेणीची बाई. तिनं कानातलं काढलं, गळ्यातली साखळी काढली आणि साखळीत ओवलेलं एक पदक मुठीत धरून उभी राहिली. "हेपण?" "हेपण." तिनं ते ओठांना लावलं आणि ट्रेमध्ये न ठेवता माझ्या तळहातावर ठेवलं, तान्हं मूल शेजारणीकडे द्यावं तसं. "खाली नका हं ठेवू मॅडम. हातातच धरा." अंगठ्याच्या नखाएवढं लंबगोल पदक, तिच्या अंगानं कोमट झालेलं. काचेखाली फोटो होता. पांढरं शिरोवस्त्र घेतलेली एक धर्मभगिनी. माझी ताई. माझी सख्खी, पाच वर्षांनी थोरली बहीण, सात वर्षांपूर्वी वारलेली. नाकाशेजारचा मस कुणीतरी पुसून टाकला होता आणि डोळे वर आभाळाकडे लावले होते. जन्मात तिनं असं वर बघितलं नव्हतं. ती बघायची ते समोरच्याच्या नखांकडे. मी बाईची वेणी उचलून डोक्यावर बांधली, हनुवटी वर करवली, खांदे पुढे ढकलले, शिशाच्या काचेमागे गेले आणि म्हणाले, "मोठा श्वास घ्या. धरा." बटण दाबलं. मग मी तशीच उभी राहिले, तळहाताकडे बघत. बऱ्याच वेळानं काचेपलीकडून घुसमटलेला आवाज आला, "मॅडम, सोडू का?"

फिल्म धुऊन होईपर्यंत ती बाकावर बसून बोलत होती. बस-स्थानकाच्या तिकीट खिडकीवर ती काम करायची, त्यामुळे तिला काचेच्या भोकातून बोलल्यासारखं मोठ्यानं आणि तुटक बोलायची सवय होती. आठ महिन्यांपूर्वी याच हॉस्पिटलात तिचा फोटो काढला, छातीत उजवीकडे वर डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा काढू, मग बघू काय ते. घरी तिची सासू, नवरा, तीन मुली. "मी तर म्हटलं, आटोपलं आपलं." मग कुणीतरी तिला कुष्ठधामातल्या सिस्टरचं पदक दिलं. तिनं नऊ दिवस प्रार्थना केली, आणि पंधराव्या दिवशी फोटो काढला तर डाग नाही. "नाही म्हणजे नाहीच! पुसल्यासारखा! आता बिशपांकडून चौकशी लागलीय, सिस्टरला संतपद मिळायचंय. माझ्यामुळं!" असं म्हणून ती लाजली. "म्हणजे त्यांच्यामुळंच हो. पण चमत्कार माझा." तिला तिसरा, ताजा फोटो हवा होता, पुराव्यासाठी. मी ओली फिल्म उजेडासमोर धरली. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ, काळीभोर. "आहे का काही?" "काही नाही." तिनं डोळे मिटले. मी पदक परत दिलं. ही माझी बहीण आहे, हे मी तिला सांगितलं नाही. का नाही, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या तळहातावर तिची ऊब राहिली होती आणि मी पुढच्या गुडघ्याला हाक मारली.

खरं तर बिशपांच्या घरून मलाही पत्र आलेलं होतं. दोन महिने ते माझ्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, दिव्याच्या बिलांबरोबर पडून होतं. दिवंगत भगिनी देवाची सेविका म्हणून जाहीर झाल्या आहेत, त्यांच्या जीवनाची आणि सद्गुणांची चौकशी सुरू आहे, आपण त्यांच्याबरोबर एका घरात वाढलेल्या एकमेव हयात व्यक्ती आहात, तरी साक्षीस यावे. "एका घरात" हे वाचून मला हसू आलं होतं. घर कसलं, दीड खोली आणि एक गॅलरी. आम्ही एका पलंगावर झोपायचो, डोक्याला पाय लावून, आणि ताईचे गार पाय अठरा वर्षं माझ्या कानाशी असत. ती रागीट होती. चिमटा काढायची तो दंडाच्या आतल्या बाजूला, दिसू नये असा. गणितात मला मारायची आणि उत्तर बरोबर आलं की आणखी एक ठेवून द्यायची, "आधी का नाही आलं?" म्हणून. पण शाळेच्या दारात मला ढकलणाऱ्या पोरीचं दप्तर तिनं गटारात फेकलं होतं, तेही खरं. बाबा लवकर गेले. मी सतराची असताना आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच झाली. चार-सहा शब्द तेवढे उरले. तेव्हा ताई बावीस वर्षांची, कचेरीत नोकरीला. बाहेरचं सगळं तिनं अंगावर घेतलं. डॉक्टर, औषधं, बाजार, रांगा, भांडणं. पण आईचं शौचाचं भांडं मात्र तिनं एकदाही उचललं नाही. चादर बदलायची वेळ आली की तिला नेमकं काहीतरी आठवायचं आणि ती खोलीबाहेर जायची. मी तिला राणीसाहेब म्हणू लागले, आधी चेष्टेनं, मग रागानं. एकदा आईला उलटी झाली आणि ताईनं फक्त मला हाक मारली. स्वतः चार पावलांवर उभी होती! मी ओरडले, "हात झडतील का तुझे?" ती पाठ फिरवून बाहेर गेली. आणि वर्ष व्हायच्या आत एका रविवारी, चर्चमधल्या मिस्सेहून परतल्यावर, पायातली चप्पलही न काढता म्हणाली, "मी कॉन्व्हेंटात जाते आहे. कुष्ठधाम चालवतात त्या सिस्टर्सकडे." मला वाटलं, ती थट्टा करते आहे. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला कळलं की नाही, कोण जाणे. मी म्हणाले, "आणि हिचं?" ताई म्हणाली, "तुला जमतं." बस, एवढंच. तुला जमतं.

मला जमलं, हे खरं आहे. अकरा वर्षं जमलं. आईची घाण मला कधी घाण वाटलीच नाही. वाटायला हवी होती, असं लोक म्हणत. शेजारीण नाकाला पदर लावून यायची आणि मी त्याच हातानं तिला चहा द्यायची. माझ्यात तेवढा एक अवयव नसावा. मी रात्रीची शिकले, हॉस्पिटलात लागले, दुपारच्या सुट्टीत धावत घरी जाऊन आईची कूस बदलायची आणि धावत परत. कुणी मुलगा बघायला आला तर आधी आईची खोली दाखवायची. तो दुसऱ्यांदा यायचा नाही. आणि दर नाताळला ताईचं पत्र, सरळ ओळीत, नीट अक्षरात. आम्ही बऱ्या आहोत. इथं पासष्ट रुग्ण आहेत. प्रार्थनेत तुम्हा दोघींची आठवण असते. मी ते आईला वाचून दाखवायची आणि मनात म्हणायची, परक्यांचे पाय धुता येतात वाटतं राणीसाहेबांना. घरी वीट नि बाहेर नीट! आईचं शेवटचं आलं तेव्हा मी तार केली. उत्तर आलं, धामात साथ आहे, फाटक बंद, येता येत नाही. प्रार्थनेत आहे. आई तीन दिवस जात होती. त्या चार-सहा शब्दांतला एक शब्द ताईचं नाव होतं, आणि तीन दिवस तिनं तेवढंच म्हटलं. मी उशाशी बसून आणि ती तेवढंच. माझं नाव त्या शब्दांत नव्हतंच. मी कायम समोरच असायची, हाक मारायची वेळ कशाला येईल?

तिकीटवाली बाई येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी जुन्या फिल्म्सच्या खोलीत गेले. मला काही शोधून काढायचं होतं असं नाही. किंवा होतं. तो डाग मला बघायचा होता, जो माझ्या बहिणीनं पुसला. तपकिरी पाकिटांच्या थप्प्या छतापर्यंत, धुळीचा आणि औषधाचा आंबट वास. आठ महिन्यांपूर्वीचं पाकीट सापडायला दुपारची सगळी सुट्टी गेली. फिल्म काढून खिडकीशी धरली आणि मला पहिल्या नजरेतच कळलं. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडाशी, धुरकट पांढरी सावली होती खरी. पण ती फुप्फुसात संपत नव्हती. हाडाच्या वर, मानेच्या बाजूला चढत गेली होती, पीळ पडत पडत. जिथे फुप्फुस नाही तिथे फुप्फुसाचा डाग कसा असेल? ती वेणी होती. दाट, ओली असावी, खांद्यावरून पुढे आलेली वेणी. घाईत डॉक्टरांनी पाहिली नाही, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या माणसानं फोटो घेताना वेणी वर बांधली. झाला चमत्कार. फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर उमटलं होतं. आम्ही प्रत्येकजण आपलं अक्षर फिल्म ठेवायच्या कॅसेटला चिकटवतो, कुणी फोटो काढला ते कळावं म्हणून. अक्षर माझं होतं. माझ्या बहिणीचा चमत्कार मीच केला होता, हलगर्जीपणानं! मी तिथंच खोक्यावर बसले आणि हसले. मग हसू गेलं. मग एक विचार आला, जो मी लपवणार नाही. मला बरं वाटलं. आतून, पोटातून, गरम काही प्यायल्यासारखं बरं वाटलं. घ्या राणीसाहेब, उतरा खाली.

साक्षीची खोली बिशपांच्या घराच्या तळमजल्यावर होती. लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीला क्रूस, खिडकीबाहेर कुणीतरी सायकल धुत होतं. चौकशीचे फादर सत्तरीचे, नाक लाल, हातात रुमाल; त्यांना सर्दी होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. टाइपरायटरवर एक लहानखुरी सिस्टर. मी शुभवर्तमानावर हात ठेवून खरं बोलायची शपथ घेतली. फादर म्हणाले, "बाई, एक आधी सांगतो. पूर्वी विरोधात बोलायला आम्ही मुद्दाम एक माणूस नेमायचो. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे. आता ते काम साक्षीदारांनीच करायचं असतं. तेव्हा वाईट आठवत असेल तर मागे ठेवू नका. चांगलं सांगणारे छप्पन्न झालेत." मी म्हणाले, "संत व्हायला माणूस निर्दोष लागतो का?" ते नाक पुसत हसले. "तसं असतं तर आमचं काम फार सोपं झालं असतं. एकही सापडला नसता. पुष्कळ संत तापट होते, हट्टी होते. एकेकाबरोबर एका घरात राहायचं म्हणजे शिक्षा होती. आणि आम्ही कुणाला संत करत नाही बरं का. देवानं केलेला असेल तर ओळखतो, तेही चाचपडत. आधी सेविका, मग आदरणीय, मग धन्य, मग संत. एकेका पायरीला वर्षं जातात, आणि मधे कुणी खरं बोललं की काम थांबतं. बाकी जे ओळखता येत नाहीत, नळावर भेटतात, जिन्यात भेटतात, त्यांच्यासाठी वर्षात एक दिवस ठेवलाय, सगळ्यांचा मिळून." "मग मोजता काय?" "श्रद्धा, आशा, प्रीती. असली तर असते सगळ्यांतच थोडी थोडी. आम्ही बघतो, जिथं साधं माणूस पाय मागे घेईल तिथं हिनं पुढे टाकला का? एकदा नव्हे. रोज." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "तुमच्या बहिणीला अवघड गेलं, तरी तिनं केलं, असं काही तुम्ही पाहिलंत?" मी विचार करायला वेळ घेतला नाही. "तिला अवघड काही नव्हतंच फादर. अवघड ते तिनं माझ्यावर टाकलं आणि गेली. तिथं तिला आवडायचं. तिचा पिंडच तो." टाइपरायटर कडकडला. माझं वाक्य कागदावर बसलेलं मी ऐकलं.

मग मी सगळं सांगितलं. भांडं, चादर, तुला जमतं, तार. वेणीसुद्धा सांगितली, तिन्ही फिल्म्स पिशवीतून काढून खिडकीला लावून दाखवल्या. फादर खुर्चीवरून उठून जवळ आले, नाक काचेला लागेल इतके, आणि पिळाच्या सावलीवरून बोट फिरवत म्हणाले, "हो की. वेणीच आहे." सिस्टरही टाइप करायचं सोडून बघायला आली. मला वाटलं होतं त्यांचं तोंड पडेल. फादर म्हणाले, "बरं झालं बाई. खोटा चमत्कार म्हणजे खऱ्या माणसाचा अपमान." आणि पुन्हा बसून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "तुमची शेवटची भेट?" मी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. आई गेल्यावर वर्षभरानं ताई आली होती. चौतीस वर्षांची, पण हात एखाद्या म्हातारीचे, पाण्यानं फुटलेले. पलंगाच्या कडेला बसली, आईच्या जागेवर नाही, कडेला. मी चहा दिला. बराच वेळ आम्ही नळ, भाडं, जिना यांवर बोललो. मग कपात बघत ती म्हणाली, "शेवटी आई काही म्हणाली का?" आणि मी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "माझं नाव?" मी म्हणाले, "एकदाही नाही." ताईनं मान हलवली, जणू हिशेब बरोबर जुळला, उठून स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि गेली. पुढे दोनदा येऊन गेली म्हणे, दोन्ही वेळा मी ड्यूटीवर. तिच्या शेवटच्या आजारात निरोप आला तेव्हा मी रजा टाकेपर्यंत उशीर झाला होता. मी हे सगळं त्या टेबलाशी बसून, सायकलच्या घंटीचा मधेच आवाज होत असताना, पहिल्यांदा तोंडानं बोलले. टाइपरायटर थांबला होता. फादर म्हणाले, "बाई, हा जबाब आहे, पापनिवेदन नव्हे. हे इथं लिहायलाच हवं असं नाही. हवं तर आपण पलीकडच्या खोलीत जाऊ." मी म्हणाले, "नको. लिहूनच घ्या. आई तीन दिवस तिचंच नाव घेत होती. कुठंतरी लिहिलेलं असू दे." सिस्टरनं लिहिलं. मी खाली सही केली. फादर दारापर्यंत आले. "तुमच्या आईचं अकरा वर्षं कुणी केलं, हे आम्हाला या छप्पन्नांपैकी कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हणाले, "सांगण्यासारखं काय त्यात? मला जमतं." आणि जिन्यात माझ्या लक्षात आलं की हे शब्द माझे नव्हेत.

आठवड्यानं तिकीटवाली बाई एक्स-रेच्या खोलीत शिरली, चिठ्ठीशिवाय, रांग मोडून. "बिशपांच्या घरी कळलं मला. सख्खी बहीण तुम्ही! आणि बोलला नाहीत! आणि वर जाऊन तिच्याच वाईटावर!" बाहेरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मी दार लावलं आणि तिला फिल्म दाखवली, वेणी कुठून कुठं जाते ते दाखवलं. ती बघत राहिली. तिचा हात आपोआप वेणीवर गेला. "म्हणजे मला काही झालंच नव्हतं?" "नव्हतं." "कधीच?" "कधीच." मला वाटलं ती सुटल्यासारखी होईल. ती बाकावर बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, नाकाला काही न लावता. "मग ते नऊ दिवस? त्या नऊ दिवसांत मी घरात कुणावर ओरडले नाही. सासूचे पाय चेपले. नवऱ्याला विचारा, तो घाबरला होता, म्हणाला तू मर पण अशी नको वागू. ते कुणी केलं? ते तुमच्या मशीनमध्ये येतं का?" मी म्हणाले, "चूक माझी होती. तुम्हाला फुकट भीती लावली. मला माफ करा." तिनं डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा ताईचं नाक शोधत, आणि तिकीट खिडकीच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही एकदा तरी गेला होतात का तिथं? धामात?" मी नाही म्हणाले. "जा," ती म्हणाली, जणू शेवटची गाडी सुटत होती. "आधी जा. मग बोला."

गेले. रविवारी, दोन बस बदलून. मला वाटलं होतं मोठं फाटक असेल, पुतळा असेल. एक लांब बुटकी इमारत, ओळीनं खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, वाळत घातलेल्या पट्ट्या. आता रुग्ण थोडेच. रोग औषधानं बरा होतो, जुनी माणसं तेवढी राहिलेली, ज्यांना घर उरलं नाही. ओट्यावर एक आजी पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. बोटं निम्मी नव्हती, भुवया नव्हत्या, पण आवाज खणखणीत. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "नाकावरून वाटलंच. बस. आज नर्स आलेली नाही, माझे पाय भिजून भिजून मासे झालेत. येतं का तुला?" मला हसू आलं. मी बाह्या सारल्या आणि खाली बसले. पाय जड होता, तळव्याला जुनी जखम, कडा पांढऱ्या, खोल, वासाची. तिला तिथं काही कळत नव्हतं. खिळा रुतला तरी कळत नाही, ती म्हणाली, म्हणून रोज बघावं लागतं. मी मऊ झालेली कातडी दगडानं घासत गेले, खाच साबणानं धुतली, बोटांच्या खुंटांमधली फट फडक्यानं पुसली. माझ्या हातांना हे जुनं काम आठवलं, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आई बरी होती, दिवस बरे होते. आजी आपल्या पायाकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुला होत नाही का गं?" "काय?" "ओकारी." "नाही." "अजिबात?" "आईचं अकरा वर्षं केलं. एकदाही नाही." आजीनं ओट्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. "तुझ्या बहिणीला व्हायची," ती म्हणाली. "सुरुवातीला होते सगळ्यांनाच, मग मोडते सवयीनं. हिची मोडली नाही. रोज व्हायची. बत्तीस वर्षं. सकाळी पट्ट्या सोडायला बसायची, दोन पाय झाले की उठायची, त्या टाकीमागं जायची. आम्हाला इथवर ऐकू यायचं. तोंड धुऊन यायची, पांढरी फटक, आणि जिथं सोडलं त्याच बोटापासून पुन्हा. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, तुला कचेरीत घालू, हिशेब लिही. तर नाही म्हणायची. भांडायची. आम्हाला वाटायचं, बाई, तुला झेपत नाही तर जा ना परत." मी विचारलं, "हे तुम्ही फादरना सांगितलंत?" "त्यांना कशाला? ते मशीन घेऊन आले होते लिहायला. आम्हाला कळतं हे तिला ठाऊक नव्हतं. सगळ्या ओळीनं ठरवलं होतं, कुणी बोलायचं नाही. तिचीही काही लाज असेल की नाही?" "मग मला का सांगताय?" "तू घरची," आजी म्हणाली.

माझे हात पाण्यात होते. आईच्या खोलीतून बाहेर जाणारी ताईची पाठ मला ठाऊक होती, कपड्यांवरची प्रत्येक सुरकुती, पाठीवरची बटणं, दारात घुटमळणारी टाच. तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागे गेलेच नव्हते बघायला. मला चादर बदलायची असायची. तिच्याजवळ जे नव्हतं ते माझ्याजवळ फुकट पडलेलं होतं, श्वासासारखं, आणि ते नसताना ती कुठं गेली, तर इथं. तिनं हे तेव्हा सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते? म्हणाले असते, नखरे. मला माहीत आहे मी काय म्हणाले असते. फादरच्या त्या कागदावर माझं वाक्य बसलं होतं, तिला अवघड काही नव्हतंच, खाली माझी सही. उद्या फादरना फोन करावा लागेल. आजीनं सांगू दिलं तर. तिला विचारावं लागेल, त्या सगळ्या ओळीला विचारावं लागेल, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते मलाही त्यांच्याबरोबर राखावं लागेल, हे मला कळत होतं, आणि त्यात मला कुणी तरी सामील करून घेतल्यासारखं वाटत होतं. टाकीच्या मागं ऊन पडलं होतं. तिथली फरशी एका जागी जास्त पांढरी होती, की मला तसं वाटलं. मला रडू येत होतं, पण हात ओले होते, डोळ्यांना लावण्यासारखे नव्हते. "पाणी गार व्हायला लागलं," आजी म्हणाली, "आणि तू बसलीस विचार करत." तिनं दुसरा पाय काठावर टेकवला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि पाण्यात घेतला.